आधी गेलेल्यांशी बोलायचं

आमच्या घरात आबा आणि माझा धाकटा भाऊ एकमेकांशी कधी सरळ बोललेच नाहीत. भांडण नव्हतं, तशी रीतच होती. आबांना काही सांगायचं असलं की ते मायला सांगत, "तुना आंडोरले सांग, सायकल घरमा ठेव म्हना." आंडोर म्हणजे मुलगा, आणि तो मुलगा तिथेच उंबऱ्यात उभा असायचा. तोही मायकडे बघूनच म्हणायचा, "माय, त्यांना सांग, पंक्चर काढायचं आहे." माय भाकरी थापता थापता एकदा इकडे, एकदा तिकडे मान वळवायची, की झाला निरोप पोचता. मला याचा भारी वैताग यायचा. मी थोरली, माझ्याशी आबा सरळ बोलत, रागावतसुद्धा सरळच. पण मुलाला मिसरूड फुटलं की आमच्या सोनगीरकडच्या बऱ्याच घरांत बापलेकाचं असंच व्हायचं, आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे.

ऐंशीनंतर धाकटा न्यूझीलंडला गेला. दुधाची पावडर करायच्या कारखान्यात यंत्रं बघायचं काम होतं. गावात कोणाला तो देश कुठे आहे ते माहीत नव्हतं. मी लग्न होऊन जळगावला आलेली, तिथे शाळेत भूगोल शिकवायचे, तरी मलाही नकाशाच्या पार कोपऱ्यात बोट न्यावं लागायचं. दोनेक वर्षांनी त्याने तिथेच लग्न केलं, एका माओरी मुलीशी. माओरी म्हणजे त्या देशातले मूळचे लोक, गोऱ्यांच्या आधीपासूनचे. लग्न झाल्यावर त्याने घरी कळवलं. आबा मायला एवढंच म्हणाले, "सांग त्याले, आता आठे येवानं काम नही." इथे यायची गरज नाही.

आणि मग माय गेली. पोळा तोंडावर आला होता, बैलांच्या झुली धुऊन दोरीवर वाळत होत्या. चार दिवसांचा ताप, बस. आम्ही तार केली. पण तार पोचून, तिकीट मिळून माणूस येणार कधी? मुखाग्नी चुलतभावाने दिला. पुढे धाकट्याचा विषय निघाला की आबा उठून जायला लागले. मला मात्र एक गोष्ट स्वच्छ दिसत होती. उद्या आबांच्या मनातला राग गेला, तरी ते सांगणार कोणाला? मधलं माणूसच गेलं होतं. माझ्या जिवाला एकच घोर लागला होता, की आता हे दोघं एकमेकांशी जन्मात बोलायचे नाहीत.

धाकटा आला तो थंडीत, भरताची वांगी बाजारात आली तेव्हा. रविवारी सकाळी टीव्हीपायी रस्ते ओस पडायचे, ते दिवस. बायकोला घेऊन आधी माझ्याकडे जळगावला उतरला, कारण सोनगीरला थेट जायची त्याची छाती नव्हती.

मी स्टेशनवर गेले होते. मनात एक गोरीपान मडम ठरवून ठेवली होती. उतरली ती चांगली सावळी, रुंद खांद्यांची, दाट कुरळ्या केसांची बाई. आमच्या शेतात निंदायला बसवली असती तर कोणी वळून पाहिलं नसतं. मी हात जोडले. तिने माझे दोन्ही हात धरले, जवळ आली, आणि डोळे मिटून आपलं कपाळ माझ्या कपाळाला आणि नाक माझ्या नाकाला टेकवलं. माझा चष्मा तिरका झाला. डोक्यावर ट्रंक घेतलेला हमाल ट्रंकेसकट थांबून बघू लागला. धाकटा म्हणाला, "अक्का, याला होंगी म्हणतात. दोघांनी एकच श्वास घ्यायचा. मग माणूस पाहुणा राहत नाही." मी म्हटलं, "ते ठीक आहे, पण निदान स्टेशनाबाहेर तरी घ्यायचा." पण खरं सांगते, मला बरं वाटलं होतं. माय गेल्यापासून मला इतकं जवळ कोणी घेतलं नव्हतं.

जळगावातल्या त्या दिवसांत मी तिची भाषा थोडी थोडी वेचली. ती इंग्रजीत सांगायची, माझं इंग्रजी अडलं की धाकटा पुढे व्हायचा. काई म्हणजे जेवण. मी म्हटलं, आमच्याकडे काई विहिरीच्या पाण्यावर येते, शेवाळाची, पण चालेल. फानाऊ म्हणजे घरची माणसं, पण घर म्हणजे चार भिंतींतलं नव्हे. चुलत, आते, मामे, मेलेले आणि जन्मायचे, सगळे धरून. भाऊबंदकीशिवायचे भाऊबंद, असं मी मनात टिपून ठेवलं. अरोहा म्हणजे प्रेम, असं धाकट्याने सांगितलं, तर तिने मान हलवली. नुसतं प्रेम नाही, म्हणाली. दुसऱ्याचं दुःख बघून पोटात जे हलतं तेही अरोहाच. मी म्हटलं, "मग त्याला माया म्हण." तिने तो शब्द दोनदा म्हणून पाहिला, आणि दिवसभर जाता येता म्हणत राहिली.

एकदा आमच्या ह्यांनी, खुर्ची टणक आहे म्हणून, तिला बसायला उशी दिली. तिने ती उचलून दोन्ही हातांनी पलंगावर नीट ठेवली आणि तशीच टणक खुर्चीवर बसली. उशी डोक्याची, तिच्यावर बसायचं नाही, डोकं तापू. स्वयंपाकघरातली फडकी अंगावरच्या कपड्यांबरोबर एका बादलीत भिजवायची नाहीत, तेही तापूच. माझ्या सासूबाई ऐकून खूश झाल्या, म्हणाल्या, म्हणजे सोवळं! अगदी तसंच नव्हतं ते. तिच्या सांगण्यावरून मला कळलं ते इतकं, की तापू म्हणजे ज्याचं वजन मोठं, त्याला सहज हात घालायचा नाही. पण सासूबाईंनी तिला पास करून टाकलं आणि मीही वाद घातला नाही.

एका दुपारी तिने बॅगेतून कापडात गुंडाळलेली चौकट काढली. आत मायचा फोटो होता. माझ्याच दारातला, उन्हामुळे डोळे बारीक केलेला, मीच धाकट्याला पाठवलेला. मी म्हटलं, हा इकडे कशाला आणला?

तेव्हा धाकट्याने सांगितलं. तार मिळाली तेव्हा तो सुन्न होऊन बसला होता. बायकोच्या माणसांनी त्याला उठवलं आणि आपल्या माराएवर नेलं. माराए म्हणजे सगळ्या फानाऊचं मिळून एक मोठं घर आणि त्याच्यापुढचं अंगण. लग्न, मरण, पाहुणा, सगळं तिथेच. त्या घरात त्यांनी मायचा फोटो चटईवर मांडला आणि भोवती बसले. याला तांगी म्हणतात. तांगी म्हणजे रडणं, आणि माणूस गेल्यावर त्याच्याजवळ जे बसणं असतं तेही. गेलेल्याला क्षणभरसुद्धा एकटं ठेवत नाहीत. आणि त्याच्याविषयी बोलत नाहीत, त्याच्याशी बोलतात. तिच्या मावश्या, आत्या एकेक येऊन फोटोला म्हणायच्या, काय ग बाई, लेक आमच्याकडे पाठवलास आणि स्वतः आलीच नाहीस! रागवायच्या, रडायच्या, मग कोणीतरी गमतीचं बोलायचं आणि सगळे हसायचे. धाकटा तिथेच जमिनीवर गादी टाकून फोटोशेजारी निजला. नंतर त्या फोटोची एक प्रत त्यांनी भिंतीवर लावली, आपल्या आजे-पणज्यांच्या रांगेत.

"आणि हा घरी आणायचा असतो," भावजय म्हणाली. "कावे माते. मरण ज्यांचं आहे त्यांच्यापर्यंत घेऊन जायचं."

माझी माय. धुळं आणि जळगाव यापलीकडे गाव न पाहिलेली. तिच्यासाठी समुद्राच्या टोकाला परक्या बायका रडल्या होत्या. मी चहाचं निमित्त करून आत गेले आणि पदर तोंडात धरून रडले.

मी मात्र माझ्या जागी वेगळाच बेत आखला होता. नवी सून पहिल्यांदा सासरी येतेय, तर औक्षण करायचं, तांदळाचं माप ओलांडायला लावायचं. माणसं बघतील, आबांनाही चारचौघांत काही करता येणार नाही. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "दारात मला हाक कोण मारेल?"

"हाक कशाला? कडी वाजवायची."

ती म्हणाली, त्यांच्याकडे पाहुणा दाराबाहेर थांबतो. आतली बाई हाक मारते, त्या हाकेला कारंगा म्हणतात. ती हाक आल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. मग पाहुण्यांतली बाई उलट हाक देते, आणि तिच्यात त्या घरच्या गेलेल्यांना आधी बोलवते, त्यांना निरोप देते. आधी मेलेल्यांचं, मग जिवंतांचं, मग जेवण. तिकडे हे काम तिची मावशी करायची. तिचा स्वतःचा मान अजून तेवढा नव्हता, पण येण्यापूर्वी मावशीने तिला बसवून शिकवलं होतं.

"आमच्या घरात आता बाई उरली नाही," मी म्हटलं.

"तुम्ही आहात ना, अक्का. तुम्ही आधी आत जा."

मला वाटलं, 'या, बसा' म्हणायचं असेल. बरं म्हटलं.

धुळ्याच्या स्टँडवर गाडी बदलायची होती. तिथल्या कडुनिंबाच्या झाडाचा तिने पाला तोडला, गुंफला आणि डोक्यावर कडं करून घातला. अंगात काळा झगा. तिच्याकडे हे शोकाचं लेणं. पण आमच्याकडे स्मशानातून आल्यावर कडुनिंब चावतात! मी कपाळाला हात लावला. "काढ ग ते," म्हटलं, "नवी सून आहेस." धाकटा हळूच म्हणाला, "अक्का, राहू दे." औक्षणाचं ताट माझ्या पिशवीत होतं, तांदूळ होते, सगळं होतं. कंडक्टर तिकीट फाडता फाडता तिच्या डोक्याकडे बघत होता.

सोनगीरला पोचलो तेव्हा आबा ओसरीत खाटेवर पेपर वाचत होते. आम्ही आलो हे त्यांना दिसलं, कारण पेपर थोडा वर गेला. मी आत गेले. ती दोघं फाटकाबाहेर थांबली. तिने फोटो छातीशी धरला होता. मी रिकाम्या घरात उभी राहिले, आणि तेव्हा मला कळलं की हाक मारायची ती मायने मारायची होती. मला दुसरी कुठली हाक येतच नव्हती. मायची होती तीच मारली, आम्ही शाळेतून आलो की मारायची ती. "या रे पोरं हो, घरमा या!" शेवटी शेवटी माझा आवाज फाटला.

आणि बाहेरून उत्तर आलं. तसा आवाज मी त्या आधी एका बाईच्या गळ्यातून कधी ऐकला नव्हता. उंच, लांब, श्वास संपेपर्यंत ओढलेला, मग खाली खाली उतरत जाणारा. शब्द कळत नव्हते. हाएरे, हाएरे, हाएरे, एवढं ऐकू आलं. जा, माय, नीट जा, असा त्याचा अर्थ, हे तिने नंतर सांगितलं.

आमच्याकडे मयताच्या घरी येणारी बाई गल्लीच्या तोंडापासून असाच सूर लावते. दुसरं काय वाटणार लोकांना? घराघरांतून बायका धावत निघाल्या. "कोन मरनं? कोन मरनं वं बाई?" कोपऱ्यावरच्या मारवाडी शेठनं दुकानाचं शटर अर्धं ओढलं. आबाच गेले असं सगळ्यांनी धरलं होतं. घरात दुसरं होतंच कोण? आणि येऊन बघतात तर आबा खाटेवर पेपर वाचत बसलेले. पदराने डोळे पुसत आलेली एक बाई आबांना बघून चक्क रागावली.

समोरची काकू मात्र थांबली नाही. मायची जोडीदारीण होती ती, जन्मभर दळण-कांडण दोघींनी मिळून केलेलं. तिने ते पाल्याचं कडं बघितलं, फोटो बघितला, आणि तिला सगळं समजलं. ती सरळ धाकट्याच्या गळ्यात पडली. "तुनी माय तुनी वाट देखत गई रे भाऊ!" वाट बघत गेली. धाकट्याने हंबरडा फोडला. मग सगळ्याच बायका रडू लागल्या, भावजयीला मध्ये घेऊन. ती त्यांच्या भाषेत नाही, त्या तिच्या भाषेत नाहीत, पण रडणं एकाच सुरात चाललं होतं. मुलाला आईसाठी रडायला मिळालं. मला वाटलं, निम्मं काम झालं.

आबांनी पेपरची घडी केली, चपला घातल्या आणि शेताकडे निघून गेले.

रडणं झाल्यावर बायकांनीच घरोघरची कालवण-भाकरी आणली. जेवणाने तापू उतरतो, भावजय म्हणाली, आणि तिखटाने नाक पुसत पोटभर जेवली. माझं औक्षणाचं ताट पिशवीतच राहिलं.

आठवडाभर आम्ही राहिलो. आबा घरात असायचे आणि नसायचे. आम्ही जेवून उठलो की जेवायला बसायचे. धाकटा ओसरीत आला की ते परसात, धाकटा परसात गेला की ते ओसरीत. धाकटा माझ्याकडे बघून म्हणायचा, "अक्का, आबांना सांग..." मी तोडून टाकायचे. म्हटलं, मी सांगणार नाही. मी मायच्या जागेवर बसले तर हे दोघं मला म्हातारी होईपर्यंत तिथून उठू द्यायचे नाहीत.

फोटो देवाशेजारच्या कोनाड्यात ठेवला होता. भावजय रोज सकाळी त्याच्यासमोर मांडी घालून बसायची आणि मायशी बोलायची. आधी तिच्या भाषेत, मग माझ्याकडून उचललेल्या मराठीत. "आई, आज थंडी खूप." "आई, तुझी चूल फार धूर करते." "आई, काकूची चटणी, बापरे." आबा ओसरीत पेपर धरून असायचे, पण पान उलटलेलं ऐकू यायचं नाही.

चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांनी मला परसात गाठलं. "ती कोनसंगे बोलस वं?"

"मायशी."

"तिले काय आयकू येस?" तिला काय ऐकू येतं?

"ते काही मला माहीत नाही, आबा. त्यांच्यात गेलेल्या माणसाशी असंच बोलतात. रागवतातसुद्धा."

"रागवतस?" एवढं म्हणून ते गोठ्याकडे वळले. मग विचारलं, चटणीचं काय सांगत होती? मी सांगितलं. मायलाही काकूची चटणी सोसायची नाही, असं म्हणून ते निघून गेले. माय गेल्यापासून त्यांनी तिच्याविषयी बोललेलं हे पहिलं वाक्य होतं.

निघायच्या दिवशी दुपारची धुळ्याची गाडी धरायची होती. पिशव्या दारात ठेवल्या. जाण्याआधी गेलेल्याला सांगून जायचं, हीसुद्धा तिच्याकडची रीत. पोरोपोरोआकी असा लांबलचक शब्द आहे त्याला. ती फोटोपुढे बसली, तिचं झालं. मग धाकटा बसला. "माय," म्हणायचा आणि थांबायचा.

तेवढ्यात आबा आत आले. टोपी काढून हातात घेतली, आणि गुडघ्यावर हात टेकत धाकट्यापासून हातभर अंतरावर खाली बसले. फोटोकडे बघितलं. आमच्याकडे बायकोला नावाने हाक मारत नाहीत, चारचौघांत तिच्याशी दोन शब्द जास्त बोलत नाहीत. मी आबांना कधी मायच्या डोळ्याला डोळा देऊन बोलताना पाहिलं नव्हतं.

"आयकं का वं?" आबा म्हणाले. ऐकलं का. "इतली घाई कसाले कयी?" एवढी घाई कशाला केलीस?

मी दाराला धरून उभी राहिले. भावजयीला शब्द कळले नसतील, पण तिने मान खाली घातली.

"मी काय एकलाच ऱ्हाऊ का आठे?" आबा तिला रागावत होते. चांगले रागावत होते. कुलपाच्या किल्ल्या कुठे ठेवल्यास ते सांगितलं नाहीस, म्हणाले. "शेंगदाणानं बी कोनता डबामा शे?" कोणत्या डब्यात आहे तेही सांगितलं नाहीस. पोळ्याच्या दिवशी बैलांना नैवेद्य कोणी दाखवायचा? मग आवाज खाली आला. "तुना आंडोर जाई राहिना. त्याले सांग, आज जाऊ नको म्हना." तुझा मुलगा निघालाय, त्याला थांबव.

धाकट्याने फोटोकडेच बघून, अडखळत, म्हटलं, "माय, त्यांना सांग, मी तेव्हा येऊ शकलो नाही. मला फार..." आणि तो मोठा बाप्या माणूस लहान पोरासारखा रडायला लागला, खांदे हलवत.

आबा फोटोकडे बघत राहिले. निरोप तिच्याकडे आला होता, आणि ती मान वळवत नव्हती. बाहेर हमरस्त्यावर गाडी थांबल्याचा, कंडक्टरने घंटी मारल्याचा आवाज आला, आणि गाडी निघूनही गेली. मग आबाच वळले. त्यांनी धाकट्याच्या पाठीवर हात ठेवला आणि त्याच्याकडे बघून, त्यालाच म्हणाले,

"रडू नको रे. मी शे ना."